मदतीला आलेल्या फौजा आणि एकच धावपट्टी

एखाद्या देशावर मोठी आपत्ती कोसळली की शेजारचे आणि दूरचे देश आपापली सैन्ये मदतीला पाठवतात. त्यांची आखणी कोण करतो, एकमेकांच्या पायात पाय कसे येत नाहीत, आणि येतात ते का येतात, यावर वाचकांचे प्रश्न मागवले होते. त्यांतल्या निवडक प्रश्नांची ही उत्तरे. नेपाळचा २०१५ चा भूकंप आणि २००४ ची त्सुनामी ही उदाहरणे पुन्हा पुन्हा येतील. या विषयातले जवळजवळ सगळे धडे या दोन घटनांत सापडतात.

प्रश्न : नेपाळच्या भूकंपात भारत, चीन, अमेरिका, पाकिस्तान अशा सगळ्यांचे सैनिक एकाच वेळी तिथे होते. मग हुकूम कोणाचा चालत होता? (नाशिक)

उत्तर : प्रत्येक सैनिकावर त्याच्याच देशाचा. पुष्कळांना वाटते की अशा वेळी सगळ्यांच्या वर एक सेनापती बसतो आणि तो सर्वांना कामाला लावतो. आपत्तीत तसे सहसा होत नाही. भारतीय तुकडी चिनी अधिकाऱ्याचा हुकूम घेणार नाही, चिनी तुकडी भारतीय अधिकाऱ्याचा घेणार नाही. त्या वादात शिरायला ढिगाऱ्याखालच्या माणसाकडे वेळही नसतो.

रचना साधारण तीन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात एक देश पुढाकार घेतो आणि बाकीचे त्याच्या सेनापतीखाली तुकड्या देतात. १९९९ मध्ये पूर्व तिमोरमध्ये हिंसाचार उसळला तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या १२६४ क्रमांकाच्या ठरावानुसार ऑस्ट्रेलियाने असेच नेतृत्व केले. मेजर जनरल पीटर कॉसग्रोव्ह प्रमुख होते आणि त्यांचे उपप्रमुख थायलंडचे होते. तिथे गोळीबाराची शक्यता होती, म्हणून हुकूम एकाच तोंडातून जाणे भाग होते. दुसऱ्या प्रकारात सगळ्यांचे मिळून एकच मुख्यालय असते. ते उभारायला वर्षानुवर्षांची एकत्र सवय लागते, म्हणून ते युतीतल्या देशांनाच जमते. तिसऱ्या प्रकारात देश समांतर काम करतात. हुकूम ज्याचा त्याचा, पण कामाची यादी सगळ्यांची एक.

नेपाळमध्ये हा तिसरा प्रकार होता. नेपाळी सैन्याने काठमांडूत बहुराष्ट्रीय सैनिकी समन्वय केंद्र उघडले. कुठल्या गावाला काय हवे हे तिथे फळ्यावर येई आणि ज्या देशाकडे ते साधन असेल तो ते काम उचले. केंद्र यजमानाचे असल्यामुळे तिथे जाऊन बसायला कोणाला कमीपणा वाटण्याचे कारण नव्हते. आमच्या मते या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे : यादी यजमानाची असली पाहिजे. यादी पाहुण्यांनी केली की ती पाहुण्यांजवळ काय आहे त्यावरून होते, गावाला काय हवे त्यावरून होत नाही.

त्सुनामीच्या वेळी अमेरिकेने थायलंडमधल्या उतापाओच्या हवाई तळावर मुख्यालय उभारले. लेफ्टनंट जनरल रॉबर्ट ब्लॅकमन त्याचे प्रमुख होते. आधी त्याचे नाव ‘जॉइंट टास्क फोर्स ५३६’ होते, ते पुढे बदलून ‘कंबाइंड सपोर्ट फोर्स ५३६’ केले. हा बदल वरवरचा नव्हता. आम्ही चालवायला आलो नाही, आधार द्यायला आलो आहोत, हे दारावरच्या पाटीवर लिहावे लागते.

प्रश्न : त्सुनामीत भारताचाही किनारा उद्ध्वस्त झाला होता. तरी आपण इतर देशांना मदत केली म्हणतात. हे एकाच वेळी कसे जमले? (चेन्नईस्थित वाचक)

उत्तर : कामे आधीच वेगळी केल्यामुळे. २६ डिसेंबर २००४ नंतर भारताने पाच वेगवेगळ्या मोहिमा चालवल्या : तमिळनाडू-आंध्रच्या किनाऱ्यासाठी ‘मदद’, अंदमान-निकोबारसाठी ‘सी वेव्हज’, श्रीलंकेसाठी ‘रेनबो’, मालदीवसाठी ‘कॅस्टर’ आणि इंडोनेशियासाठी ‘गंभीर’. नाव वेगळे, म्हणजे जबाबदार अधिकारी वेगळा, जहाजे वेगळी, हिशोब वेगळा. घरच्या कामातले हेलिकॉप्टर परस्पर बाहेर गेले, अशी ओढाताण त्यामुळे टळते. ‘निरूपक’ हे नौदलाचे सर्वेक्षणाचे जहाज. त्यावर रुग्णालयाची सोय करून ते इंडोनेशियाला धाडले होते.

अमेरिका, भारत, जपान आणि ऑस्ट्रेलिया या चार देशांनी तेव्हा एक ‘कोअर ग्रुप’ केला होता. ज्यांची जहाजे आणि विमाने जवळ होती त्यांनी आपसांत बोलून सुरुवात करायची, एवढाच त्याचा हेतू. ६ जानेवारी २००५ ला जकार्ताच्या परिषदेत तो विसर्जित झाला आणि समन्वय संयुक्त राष्ट्रांकडे गेला. तात्पुरती व्यवस्था तात्पुरतीच ठेवली, हे त्या चौघांचे शहाणपण.

प्रश्न : मदत घेऊन गेलेली विमाने काठमांडूवर घिरट्या घालून परत आली, अशा बातम्या तेव्हा होत्या. एवढ्या मोठ्या विमानतळावर जागा कशी पुरत नाही? (पुणे)

उत्तर : विमानतळाची कुवत धावपट्टीच्या लांबीवर ठरत नाही. एका वेळी किती विमाने उभी करून रिकामी करता येतात, यावर ती ठरते. हवाई वाहतूक आखणारे याला ‘मॉग’ म्हणतात, म्हणजे जमिनीवर एकाच वेळी जास्तीत जास्त किती विमाने. त्रिभुवन विमानतळाला एकच धावपट्टी आणि मोठ्या विमानांना उभे राहायला मोजक्याच जागा. त्यात भूकंपानंतरचे धक्के, घरी परतायला आलेल्या हजारो प्रवाशांची गर्दी आणि वीसेक देशांकडून एकदम निघालेली विमाने.

हिशोब सोपा आहे, एकदा कागदावर करून पाहावा. समजा, तीन मोठ्या विमानांना जागा आहे, विमानतळ दिवसाचे १६ तास चालतो आणि सी-१७ हे मोठे मालवाहू विमान उतरून, रिकामे होऊन पुन्हा उडायला सव्वादोन तास लागतात. ३ गुणिले १६ म्हणजे ४८ तास. त्याला २.२५ ने भागले की २१ विमाने. प्रत्यक्षात विमाने वेळेवर येत नाहीत, रांग तुटते, म्हणून १५ टक्के कापायचे. राहिली १८. प्रत्येकात ४० टन धरले तर दिवसाला ७२० टन.

आता एवढेच बदला : माल उतरवणारे मोठे यंत्र नादुरुस्त आहे आणि एका विमानाला पाच तास लागतात. ४८ भागिले ५, वजा १५ टक्के, म्हणजे ८ विमाने. ७२० टनांचे ३२० झाले. धावपट्टी तीच, विमाने तीच, जागा तेवढ्याच. म्हणून पहिल्या विमानातून बिस्किटे येण्याआधी फोर्कलिफ्ट, ती चालवणारा माणूस आणि तिचे डिझेल यावे, असे आम्ही आग्रहाने सांगतो. छायाचित्रात फोर्कलिफ्ट शोभत नाही, पण तिच्या एका फेरीने वाचलेला वेळ पुढच्या विमानाला मिळतो.

माल उतरवण्यातली अडचण आणखी बारीक आहे. अमेरिकी पद्धतीचे पॅलेट, म्हणजे माल रचून बांधायचा सपाट पाट, ८८ बाय १०८ इंचांचे असते आणि त्यावर साडेचार टनांपर्यंत माल बसतो. सी-१७ मध्ये असे १८ पॅलेट मावतात. ते भरलेले पॅलेट गोदामातल्या साध्या फोर्कलिफ्टला उचलत नाही. त्याला विमानाच्या दाराइतके उंच होणारे, वर रूळ बसवलेले लोडर लागते. याउलट रशियन बनावटीच्या इल्युशिन-७६ च्या पोटात स्वतःच्या याऱ्या असतात, तिला बाहेरच्या यंत्राची गरज कमी. त्यामुळे आखणी करणाऱ्याने विमान कोणते, त्यातला माल कसा रचला आहे आणि इथले यंत्र कोणते, या तीन गोष्टी एका ओळीत लिहूनच स्लॉट, म्हणजे उतरण्याची ठरावीक वेळ, द्यावा.

नेपाळमध्ये आणखी एक गोष्ट झाली. जड विमानांच्या सततच्या उतरण्याने धावपट्टीला तडे गेले आणि मे महिन्याच्या सुरुवातीला १९६ टनांपेक्षा जड विमानांना बंदी आली. पूर्ण भरलेल्या सी-१७ चे वजन २६५ टनांपर्यंत जाते आणि रिकाम्या विमानाचेच सुमारे १२८ टन असते. अशा मर्यादेत त्याला बसवायचे, तर माल आणि इंधन मिळून ६८ टनच उरतात, त्यातही परतीचे इंधन धरायचे. मग जड विमान जवळच्या दुसऱ्या तळावर उतरवून माल सी-१३० सारख्या हलक्या विमानांत बदलावा लागतो. हा दुसरा तळ पहिल्याच दिवशी ठरवून ठेवायचा असतो. धावपट्टी खचल्यावर तो शोधायला निघाले की दोन दिवस जातात.

चांगली बाजूही सांगायला हवी. भूकंपाच्या महिनाभर आधी, मार्च २०१५ मध्ये, जागतिक अन्न कार्यक्रमाने काठमांडू विमानतळालगत मदत साठवण्याचे आणि वर्गवारीचे केंद्र उघडले होते. ते नसते तर उतरलेला माल धावपट्टीच्या कडेलाच साचला असता. संकट येण्याआधी बांधलेली एक शेड नंतर आलेल्या दहा विमानांहून अधिक कामाची ठरते.

आणि हो, धावपट्टीला कुंपण आहे का, हेही तपासायचे असते. ४ जानेवारी २००५ ला, त्सुनामीच्या मदतकार्यात, इंडोनेशियाच्या आचे प्रांतातल्या बांदा आचेच्या विमानतळावर मालवाहू विमानाची म्हशीला धडक बसली आणि एकमेव धावपट्टी मोठ्या विमानांना कित्येक तास बंद राहिली. तेवढा वेळ सगळा भार हेलिकॉप्टरांवर पडला.

प्रश्न : पहिल्या विमानातून पिण्याचे पाणी पाठवणे योग्य नाही का? आमच्या संस्थेने पुराच्या वेळी बाटल्याच पाठवल्या होत्या. (कोल्हापूर)

उत्तर : रस्ता चालू असेल आणि ट्रक जात असेल तर पहिल्या दिवशी बाटल्या चालतात. विमानाने नाही. माणशी रोज १५ लिटर हे पिणे, स्वयंपाक आणि स्वच्छता मिळून धरले जाणारे किमान माप. २०,००० लोकांना ३ लाख लिटर, म्हणजे ३०० टन. ४० टनांच्या हिशोबाने साडेसात विमाने, तीही रोज. त्यापेक्षा पाणी शुद्ध करणारे संच, रबरी टाक्या, पाइप आणि क्लोरीनच्या गोळ्या पाठवा. २० लिटरला एक या मापाच्या गोळ्या घेतल्या तर त्याच ३ लाख लिटरला १५,००० गोळ्या पुरतात, त्या काही खोक्यांत मावतात. जवळ समुद्र असेल तर जहाजावरचे खाऱ्याचे गोडे करणारे यंत्र उपयोगी पडते. त्सुनामीत सिंगापूरच्या सैन्याने इंडोनेशियातल्या मेउलाबोह इथे किनाऱ्यावरच उतरण्याच्या जागा तयार केल्या आणि अवजड यंत्रे जहाजातून थेट वाळूवर आणली. धावपट्टीची वाट पाहावी लागली नाही.

प्रश्न : मी एनसीसीत आहे. समन्वय केंद्रात नेमके काय चालते? टप्पे सांगाल का? (अकोला)

उत्तर : सगळे काम एका कागदाभोवती फिरते. त्याला ‘मदतीची मागणी’ म्हणू. गावातून खबर जिल्ह्याला जाते, जिल्हा ती गृहखात्याच्या आपत्कालीन केंद्राला देतो, तिथे नागरी यंत्रणेला जमणारे काम वेगळे काढले जाते आणि उरलेले सैनिकी समन्वय केंद्राकडे येते. तिथे त्याला क्रमांक पडतो. क्रमांक पडला नाही ते काम कोणाचेच नाही, हे लक्षात ठेवा.

कागद कसा हवा ते पाहा. ‘अमुक गावाला हेलिकॉप्टर पाठवा’ ही मागणी निरुपयोगी. उपयोगी मागणी अशी : ‘१२ जखमी, ४ झोपवून न्यायचे, २ गर्भवती. जागा अक्षांश-रेखांशासह. शाळेचे मैदान, अंदाजे ४० बाय ३० मीटर, उत्तरेला विजेची तार. समुद्रसपाटीपासून २,१०० मीटर. सूर्यास्तापूर्वी. जागेवर फोनसह एक माणूस. पाठवायचे कुठे, तेही ठरले आहे.’ यात उंची का? कारण हवा विरळ झाली की हेलिकॉप्टरची उचल घटते. खाली जे तीन टन उचलते ते वर तेवढे उचलेल असे धरून चालत नाही. विजेची तार का, हे सांगायला नको. आणि शेवटचे वाक्य सर्वांत जास्त विसरले जाते. जखमींना उचलले, पण ज्या रुग्णालयात न्यायचे ते आधीच भरलेले, असे झाले की हेलिकॉप्टर जमिनीवर पंखे फिरवत उभे राहते.

मग रोजची बैठक. सकाळी एक, संध्याकाळी एक, अर्ध्या तासात संपलेली बरी. प्रत्येक देशाचा लायझन ऑफिसर, म्हणजे केंद्राशी दुवा ठेवणारा अधिकारी, आपल्याकडे आज काय उपलब्ध आहे ते सांगतो, मागण्या वाचल्या जातात, कोण कोणती उचलतो ते ठरते. संध्याकाळी झाले-न झाले याची नोंद. अडते कुठे? लायझन ऑफिसरला ‘हो’ म्हणायचा अधिकार नसेल तिथे. दर वेळी ‘विचारून सांगतो’ म्हणणारा अधिकारी पाठवणे म्हणजे देशाने रिकामी खुर्ची पाठवणे.

दुसरी अडचण प्रत्येक देशाने आपल्या तुकडीला घातलेल्या अटींची. एखाद्या देशाचे हेलिकॉप्टर रात्री उडणार नाही, दुसऱ्याचे परदेशी नागरिकांना लेखी परवानगीशिवाय बसवणार नाही, तिसऱ्याचे डॉक्टर तळाबाहेर जाणार नाहीत. अटी असणे हा गुन्हा नाही, लपवणे घातक आहे. पहिल्याच बैठकीत त्या फळ्यावर लिहून घ्याव्यात.

प्रश्न : वेगवेगळ्या भाषांमुळे गोंधळ होत नाही का? (ठाणे)

उत्तर : भाषेमुळे होतो त्याहून जास्त आकड्यांमुळे होतो. एक उदाहरण अगदी जवळून पाहू. कोणी अक्षांश २७.४५ असा लिहिला. तो दशांश अंश आहे, म्हणजे २७ अंश २७ मिनिटे. घेणाऱ्याने तो २७ अंश ४५ मिनिटे असा वाचला. फरक १८ मिनिटांचा. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, तेव्हा चूक १८ सागरी मैलांची, सुमारे ३३ किलोमीटर. हिमालयात ३३ किलोमीटर म्हणजे दुसरेच खोरे. वैमानिक अचूक उडतो आणि चुकीच्या गावी पोहोचतो. उपाय एकच : पहिल्या दिवशी लिहिण्याची एक पद्धत ठरवायची आणि आकड्यासोबत गावाचे नावही लिहायचे.

वेळेचेही तसेच. नेपाळचे घड्याळ भारताच्या १५ मिनिटे पुढे. काठमांडूतले सकाळचे ८ म्हणजे दिल्लीतले पावणेआठ आणि थायलंडमधले सव्वानऊ. म्हणून सैनिकी कामात सगळे ‘झुलू’ वेळ वापरतात, म्हणजे ग्रीनिचची. काठमांडूच्या ८ वाजता झुलू ०२१५. इंधनात गॅलन म्हटले की अमेरिकी की ब्रिटिश ते विचारावे. एक ३.७८५ लिटरचा, दुसरा ४.५४६ चा. टनातही अमेरिकी ‘शॉर्ट टन’ ९०७ किलोचा असतो. शंभर टनांत नऊ टनांहून अधिक तफावत.

प्रश्न : परदेशी सैनिक दुसऱ्या देशात येतो तेव्हा त्याच्यावर कायदा कोणता? बंदूक आणता येते का? (पणजी)

उत्तर : यजमान देशाने जे लिहून दिले असेल तेच. आधीचा करार नसेल तर दोन परराष्ट्र खात्यांत पत्रे बदलून तात्पुरती व्यवस्था होते. त्यात व्हिसा, गणवेश, शस्त्रे, अपघाताची भरपाई, गुन्ह्याचा खटला कोठे, डॉक्टरांची नोंदणी, औषधांवरची जकात, रेडिओच्या वारंवारिता हे सगळे यावे. आपत्तीच्या मदतीला शस्त्रे न आणणे उत्तम. नियमांचा आधार दोन ठिकाणी मिळतो. एक, सैनिकी साधनांबाबतची ऑस्लो मार्गदर्शक तत्त्वे, १९९४ मध्ये झालेली आणि २००७ मध्ये अखेरची सुधारलेली. दोन, रेड क्रॉसच्या पुढाकाराने २००७ मध्येच स्वीकारलेली आंतरराष्ट्रीय मदतीची कायदेविषयक तत्त्वे. ऑस्लोचे सूत्र असे की नागरी पर्याय उरला नसेल तेव्हाच परदेशी सैन्य वापरावे, आणि शक्यतो त्याने वाटप हातात घेऊ नये. पूल बांधावा, रस्ता मोकळा करावा, माल न्यावा. गावात पोती वाटायचे काम नागरी संस्थांकडे राहावे. संघर्षग्रस्त भागात हे पाळणे जिवाचा प्रश्न असतो. मदत करणारा डॉक्टर एकदा एका फौजेचा समजला गेला की दुसऱ्या बाजूच्या गावात त्याला प्रवेश राहत नाही.

तरी सैन्याच्या हाती दार असले की प्राधान्यक्रमाचा वाद होतोच. हैतीत जानेवारी २०१० मध्ये पोर्ट-ओ-प्रिन्सचे विमानतळ अमेरिकी हवाई दल चालवत होते. तेव्हा डॉक्टरांच्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेची शस्त्रक्रियेचे साहित्य आणणारी विमाने शेजारच्या डोमिनिकन रिपब्लिककडे वळवली गेली, आणि त्यावर तीव्र नाराजी व्यक्त झाली. म्हणून स्लॉट देणाऱ्या टेबलावर यजमान देशाचा आणि नागरी मदतसंस्थांचा एकेक माणूस बसलेला असावा.

प्रश्न : २०१९ च्या पुरात आमच्याकडे एनडीआरएफ, लष्कर, नौदल सगळे आले. उद्या याहून मोठे संकट आले तर परदेशी सैन्य येईल का? (सांगली)

उत्तर : भारत स्वतःहून परदेशी मदतीचे आवाहन करत नाही, हे आपले जाहीर धोरण आहे. २०१६ च्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात तसे नमूद आहे. एखाद्या देशाने सद्भावनेने मदत देऊ केली तर केंद्र सरकार ती स्वीकारू शकते, अशी सोयही त्यात आहे. त्सुनामीत आपण परदेशी मदत न घेता शेजाऱ्यांना दिली. त्याआधी २००१ मध्ये भुजच्या भूकंपात मात्र बाहेरून पथके आली होती. सांगली-कोल्हापूरसारख्या पुरात गरज असते ती बोटी, त्या चालवणारी माणसे आणि धरणांतून सोडलेल्या पाण्याची वेळेवर खबर. ते सगळे देशात आहे.

प्रश्न : दूरच्या देशांनी शोध-बचाव पथके पाठवण्यात अर्थ आहे का? (औरंगाबाद)

उत्तर : जवळच्यांनी पाठवण्यात आहे. ढिगाऱ्याखाली जिवंत माणूस सापडण्याची आशा पहिल्या दोन-तीन दिवसांतच मोठी असते. नेपाळमध्ये जगभरातून बचाव पथके आली आणि त्यांच्या हातून जेमतेम १६ माणसे जिवंत निघाली. त्यांतली ११ भारताच्या एनडीआरएफने काढली, कारण ती त्याच दिवशी पोहोचली होती. बाकी बहुतेक जीव शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणि नेपाळी जवानांनी उघड्या हातांनी वाचवले. चौथ्या दिवशी पोहोचणार असाल तर कुत्री आणि कॅमेरे घरी ठेवा. अभियंते, ताडपत्री आणि फिरते रुग्णालय आणा.

रुग्णालयही सांगून आणावे. जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचे प्रकार ठरवले आहेत. पहिल्या प्रकाराचे स्थिर पथक रोज निदान १०० बाह्यरुग्ण तपासते. दुसऱ्या प्रकारात त्याशिवाय निदान २० खाटा, एक शस्त्रक्रियागृह आणि रोज ७ मोठ्या किंवा १५ लहान शस्त्रक्रियांची कुवत असावी लागते. ‘आम्ही रुग्णालय आणतो’ म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न हाच : कोणत्या प्रकारचे, आणि वीज-पाणी तुमचे की आमचे?

प्रश्न : असे सराव आपल्याकडे होतात का? (पिंपरी)

उत्तर : तुमच्या शेजारीच होतात. डिसेंबर २०२१ मध्ये पुण्यात बिमस्टेक या बंगालच्या उपसागराच्या परिसरातल्या देशांच्या गटाचा ‘पॅनेक्स-२१’ हा आपत्ती-मदतीचा सराव झाला. त्याआधी मार्च २०१६ मध्ये औंधच्या लष्करी तळावर ‘फोर्स १८’ या भूसुरुंग काढण्याच्या आणि शांतिसेनेच्या कामाच्या सरावात आसियान हा आग्नेय आशियाई गट आणि सहयोगी देश मिळून १८ देशांच्या तुकड्या होत्या. त्यातील भारतीय तुकडीचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल सोफिया कुरेशी यांनी केले. हिंद-प्रशांत भागातल्या देशांचे नियोजन अधिकारी २००० पासून ‘टेम्पेस्ट एक्स्प्रेस’ नावाच्या कार्यशाळांत भेटत आले आहेत. तिथे सगळ्यांची एक सामाईक कार्यपद्धती पुस्तिका घडत गेली. सरावात कवायतीपेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे ओळख. संकटाच्या रात्री ज्याला फोन करायचा त्याचा आवाज आधी ऐकलेला असला की अर्धा पत्रव्यवहार टळतो.

प्रश्न : मदतीला आलेल्या फौजांनी परत कधी जावे? (बंगळुरूस्थित वाचक)

उत्तर : येतानाच सांगितलेल्या दिवशी, किंवा यजमान म्हणेल त्याआधी. आचेत तेव्हा सरकार आणि बंडखोरांचा संघर्ष चालू होता. इंडोनेशियाने परदेशी सैन्याला मार्च २००५ अखेरच्या सुमाराची मुदत घातली होती, आणि ते रास्त होते. अनेक तुकड्यांनी मुक्काम जहाजांवरच ठेवून दिवसा किनाऱ्यावर काम केले, त्यामुळे निघणेही सोपे गेले.

जाण्याचा क्रम ठरलेला असावा. बचाव पथके आधी. मग रुग्णालये, पण प्रत्येक दाखल रुग्ण कोणत्या स्थानिक रुग्णालयात गेला, त्याच्या हाडात घातलेली सळई कधी काढायची, ही नोंद स्थानिक डॉक्टरच्या हातात दिल्यावरच. बांधून दिलेला लोखंडी पूल सोडताना त्याचे नटबोल्ट, पाने आणि किती टनांची गाडी चालेल याचा स्थानिक भाषेतला फलक मागे ठेवायचा. पाण्याच्या संचासोबत तो चालवायला शिकलेली दोन स्थानिक माणसे आणि काही महिने पुरतील इतके फिल्टर.

हेलिकॉप्टर आणि समन्वय केंद्र सर्वांत शेवटी हलवावे. नेपाळने मेच्या पहिल्या आठवड्यातच परदेशी बचाव पथकांना परत जायला सांगितले होते, आवराआवर चालू होती. १२ मे ला ७.३ तीव्रतेचा दुसरा मोठा भूकंप झाला. त्याच दिवशी दोलखा भागात मदतीला गेलेले अमेरिकी मरीन्सचे हेलिकॉप्टर बेपत्ता झाले. त्यात सहा अमेरिकी, दोन नेपाळी सैनिक आणि पाच नेपाळी नागरिक होते. कोणीही वाचले नाही. तीन दिवसांनी, १५ मे ला, डोंगरात अवशेष सापडले. तोवर नेपाळी, भारतीय आणि अमेरिकी हेलिकॉप्टरे शोधात होती. शोधाचा भाग वाटून घेता आला, कारण समन्वय केंद्रातले टेबल अजून उचलले नव्हते आणि तिथे तिन्ही देशांची माणसे बसलेली होती.